पाणी आलं तर काय उचलायचं

बायको, चारुशीला, गेली, त्यानंतर कमलाकररावांच्या लक्षात आलं की ज्या घरात आपण जन्मलो, त्या घरातलं आपल्याला काहीच माहीत नाही. मोटर सुरू होत नसली तर कुठे थापट मारायची, गणपतीची समई कुठल्या पेटीत, तिच्या माहेरी, कुडपणला, भाच्याच्या लग्नात काय आहेर केला होता, हे सगळं चारुशीलाच्या डोक्यात होतं. ती गेली आणि ते सगळं तिच्याबरोबर गेलं.

ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे प्रत्येक वस्तूला खण आणि प्रत्येक खणाला नंबर होता. ते रजेवर असले तरी कोणालाही हवा तो बोल्ट सापडायचा. घराचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं आणि पुण्याला मुलाला फोन लावला.

"बाबा, त्याला पर्सनल विकी म्हणतात," रुचिर म्हणाला. "एकेका गोष्टीचं एकेक पान. मोटरच्या पानावर फ्यूज हा शब्द दाबलात की फ्यूजचं पान उघडणार. मी एक अ‍ॅप पाठवतो. काळं चिन्ह आहे."

काळं अ‍ॅप आलं. थोड्या वेळाने सूनबाई चैत्रालीचा वेगळा निरोप आला. "बाबा, यांचं ऐकू नका. यांनी त्यात आमच्या लग्नाची खरेदी लिहिली होती, अजून सापडलेली नाही. हे हिरवं घ्या." कमलाकररावांनी स्वतः एक पिवळं शोधलं आणि मग त्यांना बरं वाटलं. स्टोअरमध्ये साधा झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागायची.

तुलना सुरू झाली. दिवाळीनंतर चारुशीला गेली होती. शिमगा झाला, आंबे संपले, आषाढ लागला, तरी तुलना चालूच होती. कुठल्या अ‍ॅपात अक्षर मोठं होतं, कुठल्यात फोटो चिकटतो, कुठलं जोडाक्षर फोडतं, याची टिपणं कमलाकररावांनी केली. ती टिपणं कुठल्या अ‍ॅपात ठेवायची, हा प्रश्न पडल्यावर ती तिन्हीत ठेवली.

खाली खाडीकाठच्या दासगावची रूपाली मासे घेऊन दारात यायची. ती विचारायची, "काका, निवडलंत का?"

"अभ्यास चालू आहे."

"काकूंना बघायला गेलात तवा पन असाच अभ्यास केलात का वो? पोहे गार झाले असतील."

तिन्ही अ‍ॅपांत घराचं म्हणून एकच पान होतं. वर नाव, 'पाणी आलं तर'. खाली एक शब्द, 'आधी'. त्यापुढे काही नाही.

घर महाडच्या बाजारपेठेत, सावित्रीपासून जवळ. नदी चढली की पाणी रस्त्यावरून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात. खालचं सामान माळ्यावर चढवायचं. कधी चढवायचं आणि काय आधी, हे चारुशीला ठरवायची. कमलाकरराव माळ्यावर उभे राहून सामान घ्यायचे. तो वरचा विभाग त्यांच्याकडे होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. पण आधी काय वर यायचं ते त्यांना आठवत नव्हतं, कारण आलेलं सामान ते लगेच आकाराप्रमाणे लावून टाकायचे. आता खाली कोणी नव्हतं. पान भरायला बसलं की 'आधी' याच्यापुढे हात थांबायचा, आणि मग ते पुन्हा अक्षराचा आकार तपासायला घ्यायचे.

एके दिवशी दुपारी भोंगा वाजला. नदी इशारा पातळीच्या वर गेली होती. शेजारची दुकानं भराभर बंद होऊ लागली. कमलाकररावांनी मोबाइल काढला तर नेट गेलेलं. काळ्या अ‍ॅपात एक चक्र फिरत राहिलं. पिवळ्याने पासवर्ड मागितला आणि दिल्यावर हा तो नव्हे म्हणून सांगितलं. हिरवं तेवढं उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'आधी'.

तेवढ्यात शोकेसमध्ये फोन वाजला. तो चारुशीलाचा होता. कमलाकरराव त्याला अजून चार्ज करायचे, रिचार्जही मारायचे. विचारलं तर बँकेचे मेसेज येतात म्हणून सांगायचे.

"भावजी, मी तुळजा, कुडपणातनं." चारुशीलाच्या भावाची बायको तुळजाबाई, वर डोंगरातून बोलत होती. "हितं सकाळधरनं नुसता ओततोय. म्हटलं सांगावं."

"वहिनी, तुम्ही तिच्या नंबरावर केलात."

"मंग? पाऊस लागला की मी ह्याच नंबराव करते. तुमचा नंबर माझ्याकडं हाय कुठं? दासगावला इचारलंत?"

"दासगावला काय विचारायचं?"

"घ्या. खाडीला भरती हाय का ओहोटी, ते नको? आमचं पानी खाली येनार, भरतीनं अडवलं की तुमच्या घरात. चारू आधी माझं ऐकायची, मंग त्या मासेवालीला लावायची, मंगच काय ते ठरवायची."

भरतीचं कमलाकररावांना माहीत होतं. ते महाडात कोणाला माहीत नसतं? पण ऐन पावसात चारुशीला रूपालीशी फोनवर बोलत बसायची, ते बांगड्याच्या भावावरून, असं ते इतकी वर्षं समजत होते.

"वहिनी," ते जरा हळू म्हणाले, "ती आधी काय उचलायची?"

"तुम्हाला."

"मला?"

"आधी ह्यांना वर घालवते, म्हनायची. खाली असले की दर डब्याला इचारतात, हा कुठं ठेवू, तो कसा धरू. वर गेले की गप लावत बसतात. मंग तांदूळ, पीठ, देव, गाद्या. तुमची ती खिळ्यांची खोकी सगळ्यात शेवटी. एकदा म्हनाली, वाहून गेली तर बरं, पन मेली जड हायत."

वरच्या विभागाच्या प्रमुखांनी एकदा खोक्यांकडे बघितलं.

त्यांनी त्याच फोनवरून रूपालीला लावला. "ओहोटी लागलीय काका," ती म्हणाली. "खाडी पानी खेचतेय."

आता काय करायचं, हे दोघींपैकी कोणीच सांगितलं नव्हतं. सांगणारी तिसरी होती. कमलाकररावांनी धोतराऐवजी हाफ चड्डी चढवली आणि कामाला लागले. तांदूळ, पीठ, देव, गाद्या. खाली येऊन द्यायचं, वर जाऊन घ्यायचं. दोन्ही विभाग त्यांच्याकडेच होते आणि वरच्या विभागाची खालच्याबद्दल तक्रार होती. शेवटी खोकी चढवली. खरंच मेली जड होती.

पाणी आलं. खालच्या पायरीला लागलं, दारातली एक चप्पल घेऊन गेलं, थोडा वेळ थांबलं आणि उतरलं. घरात थेंब आला नाही.

शोकेसमधला फोन आता माळ्यावर होता. तो पुन्हा वाजला.

"उचललंत?" तुळजाबाईने विचारलं. "ओहोटी असताना? अवो, चारूनं नुसता चहा टाकला असता."

"साखर वर आहे आणि शेगडी खाली आहे," कमलाकरराव म्हणाले. "उद्या टाकतो."

संध्याकाळी नेट आलं, पाठोपाठ घरच्या ग्रुपवर रुचिरचा निरोप. 'बाबा, ठीक ना? आणि अ‍ॅपचं काही ठरलं?'

'हिरवं.'

'का?'

'ते उघडलं.'

चैत्रालीने अंगठा पाठवला.

कमलाकरराव गाद्यांच्या चळतीला टेकून बसले आणि पान लिहायला घेतलं. आधी कमलाकरला वर पाठवणे. हे आता कोण करणार, असं त्यांच्या मनात आलं, पण ओळ खोडली नाही. मग कुडपणला फोन. मग दासगावला फोन. तुळजावहिनींचं एक पान झालं, रूपालीचं एक. दोन्हीकडचं ऐकून, त्यांनी लिहिलं, चारुशीला ठरवेल.

जुन्या सवयीनेच ते लिहिलं गेलं. नाव तांबडं झालं आणि खाली पाटी आली. 'हे पान अजून नाही. तयार करायचं?'

इतक्या महिन्यांत तिन्ही अ‍ॅपांत मिळून हे नाव त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. ते पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी 'हो' दाबलं. पान कोरं होतं, अक्षर चांगलं मोठं दिसत होतं.

कुडपणची, त्यांनी लिहिलं. तिला माझी खोकी आवडत नसत. तरी दर वेळी वर आणून दिली.