मोकळी

मापाची टेप खट्‌कन आत ओढली गेली. दुकानातून माप घ्यायला आलेला भैयालाल स्वयंपाकघराच्या ओट्याखाली वाकला होता. रत्नाकर दारात उभा. मनीषा आत, सिंकपाशी, ओले हात तसेच धरून.

"डिशवॉशर बैठेगा, भैया?" रत्नाकरनं विचारलं.

"दरवाजे वाला नहीं. खुलते ही फ्रिज से टकराएगा. दराज वाला लो, सीधा बाहर खिंचता है." ओट्याखालचा मोठा खण त्यानं आधीच रिकामा करून घेतला होता, डबे जमिनीवर मांडले होते. तो खण त्यानं पूर्ण बाहेर ओढून दाखवला. "ऐसे. ऊपर-नीचे दो दराज. बर्तन कम हों तो एक ही चलाओ."

खण समोरच्या भिंतीपासून वीतभर अलीकडे थांबला.

"अरे, दीदी तो अंदर ही रह गईं," भैयालाल हसला.

"राहू द्या," रत्नाकरही हसला. "तिला कुठं जायचं आहे!"

तिला सोमवारी रिछाईला जायचं होतं. मसाल्याच्या कारखान्यातल्या तपासणीच्या कामावर. रेवा पोटात असताना सुटलेलं काम परत बोलावत होतं, आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. घरात तिनं विषय काढला तो जेवणानंतर, ताटं उचलता उचलता. "माझा सारा दिवस भांड्यांतच जातो," ती म्हणाली होती. रिछाईचं वाक्य त्याच्या पुढचं होतं. रत्नाकरनं पहिलंच धरलं.

बाहेर मेथी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आम्ही राखेनं घासत होतो माय! आता खणात टाकलं का झालं. मोकळी झाली मनीषा."

"मी तेच म्हणून राहिलो," रत्नाकर म्हणाला. मग आवाज उतरवून, "भांड्याचाच त्रास होता ना तुला? मंग आता रिछाईला काहून जाते? तुझी फाटलेली बोटं पाहवत नव्हती मला."

त्यानं खरंच पाहिली होती बोटं. रात्री खोबरेल तेलही लावून दिलं होतं. खोटं बोलत असता तर तिला भांडता आलं असतं.

फ्रिजवर तिचा फोन वाजू लागला. मनीषानं खणावरून हात लांब केला. बोटं पोचली नाहीत. रत्नाकरनं नंबर पाहिला, फोन उचलून तिला दिला नाही, फक्त म्हणाला, "कारखान्याचा दिसतो."

वाजून वाजून तो थांबला.

"तो दीदी, दराज वाला फाइनल?" भैयालालनं टेप खिशात टाकली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात रेवा डब्यांमधून वाट काढत आली आणि खणाच्या कडेवर हनुवटी टेकून उभी राहिली. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी. मराठी तिला आजीच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं मिळायची.

"आई, आजी म्हणते तू मोकळी झाली."

"हं."

रेवानं रिकाम्या खणात वाकून पाहिलं. आत एक लवंग तेवढी राहिली होती. तिनं ती उचलून आईच्या ओल्या तळव्यावर ठेवली.

"मोकळी मतलब क्या, आई? खाली?"