दोन मशिनींचे डोळे

तुम्ही दोन मशिनी कापल्या. गॅस कटर लावून, भर दुपारी. एक म्हातारा चार सोमवार तुमच्या दारात उभा राहून सांगत होता, की त्या आंधळ्या नाहीत, त्यांचे डोळे माझ्याकडं सांभाळून ठेवलेत. तुम्ही त्याला म्हणालात, पुढच्या सोमवारी या.

त्याचं नाव नवाब. वय एकाहत्तर. छावणीच्या अलीकडं दिलशाद टॉकीज होतं, तिथं बत्तीस वर्षं ऑपरेटर. मालकानं बारा वर्षांमागं खेळ बंद केले. औंदा रस्ता रुंद करायचा म्हणून तुम्ही, महापालिकेनं, ती जागा घेतली, आतल्या सामानासकट.

केबिनीत मशिनी दोन. एक वीस मिनिटांचं रीळ ओढायची, तोवर दुसरी भरून तयार. एकीवर नवाब, दुसरीवर त्याचा जोडीदार मोतीराम. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल टिपका चमकला की मोतीराम मोटर सोडायचा. दुसरा टिपका आला की नवाब आपल्या मशिनीच्या उजेडावरची झडप पाडायचा आणि त्याच क्षणी मोतीराम त्याची उघडायचा. खाली बसलेल्या हजार माणसांना रीळ बदलल्याचा पत्ता लागायचा नाही. एवढ्या वर्षांत दोघांचं निम्मं बोलणं नुसत्या "हं" वर भागलं. मोतीराम गेला त्याला दोन वर्षं झाली. सगीरा, नवाबची बायको, त्याच्याही आधी गेली. पोरगी नांदेडला दिलेली. आता घरात नवाबनं "हं" म्हटलं तर ते भिंतीलाच ऐकू जातं.

शेवटचा खेळ सुटला की ऑपरेटरचं पहिलं काम लेन्स काढायचं. मलमलीत गुंडाळायची, पेटीत घालून कुलूप. मशीन उघड्या डोळ्यानं झोपवायची नसते, हे उस्तादानं पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलेलं. टॉकीज बंद झालं त्या दिवशीही हात सवयीनं चालले. पेटीचं कुलूप मोडकं होतं, म्हणून दोन्ही लेन्सा नवाबनं घरी आणल्या. टॉकीज पुन्हा उघडंल तवा लावू, म्हणला. दर शुक्रवारी पुसायचा.

आणि तिथंच घात झाला. तुम्हाला म्हणे जुन्या वस्तूंचं दालन करायचं होतं. तुमचा माणूस पाहणीला आला, त्यानं केबिनीत डोकावलं आणि कागदावर लिहिलं: प्रोजेक्टर नग दोन, लेन्स नाही, निकामी, भंगारात काढावे. ज्या काळजीनं त्या मशिनी बत्तीस वर्षं जगल्या, तीच त्यांच्या जिवावर उठली.

नवाब रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या तुमच्या कचेरीत आला. टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. कारकून अप्पारावानं आत बघितलं.

"अरे चचा, मला वाटलं बिर्याणी आणली!"

"लेन्सा हैत साब. ह्या लावल्या की मशिनी धडधाकट. तुमी फकत टाळं उघडा."

"आणि रीळ? दाखवणार काय, माझं लग्न?"

"नाय चालवल्या तरी चालतंय. दालनात उभ्या तर ऱ्हाऊ द्या. भंगार नाय वो त्या."

"सोमवारी या. साहेब दौऱ्यावर हैत."

तीन सोमवार असेच गेले. चौथ्या सोमवारी दुपारी साहेब भेटले. डब्याकडं बोट करून म्हणाले, "हा टॉकीजचा माल. तुमच्या घरी कसा?"

"मीच नेला."

"कुणाला विचारून?"

"रोज मीच काढायचो साब. रोज कुणाला इचारू?"

"मग तसं लिहून द्या. विनापरवाना नेला म्हणून. त्याशिवाय नोंद बदलत नाही."

नवाबनं डबा जवळ ओढला. बत्तीस वर्षांत त्यानं टॉकीजचा खिळासुद्धा घरी नेला नव्हता. मग म्हणाला, "चोर लिवा साब. पर मशिनी वाचवा." अप्पारावानं लिहिलं, नवाबनं खाली उर्दूत सही केली.

डबा काखेत धरून तो तसाच टॉकीजवर गेला. लांबूनच ठिणग्या दिसल्या. पूर्वी केबिनीत कार्बनच्या कांड्या पेटल्या की असाच पांढरा उजेड पडायचा; क्षणभर त्याला वाटलं, खेळ लागला. एका मशिनीचे तुकडे ट्रकात पडले होते, दुसरी अर्धी उरली होती.

"थांब बेटा! साहेबांनी नोंद बदलली!"

कटरवाल्यानं चष्मा वर केला. भला माणूस होता. "चचा, हुकूम तर सकाळीच आलाय. दहा वाजता."

आता नवाब दुपारी दार लावून घेतो, खिडकीची एक फट ठेवतो आणि लेन्स भिंतीपासून वीतभर अंतरावर धरतो. भिंतीवर तळहाताएवढी गल्ली उतरते, रंगीत, उलटी. डोक्यावर चालणारी माणसं, उलट्या शेळ्या, आभाळाला टांगलेली स्कूटर. आवाज बाहेरून येतो. तो बघत बसतो, आणि नजर सारखी उजव्या कोपऱ्यात जाते. टिपका काही येत नाही. आला, तरी दुसरी मशीन सोडायला कोण आहे?

त्याची सही केलेला कागद तुमच्या फाइलीत अजून आहे. कापायचा हुकूम सकाळी दहाला निघाला होता. मग दुपारी त्या माणसाकडून तो चोर असल्याचं कशासाठी लिहून घेतलं? सोमवार सांगू नका. उत्तर द्या.