मालकाला विचारायचं नाही

दाभणाच्या नाकात सुतळी ओवलेली तशीच राहिली होती. दाभणाला गंज चढला होता, तांबूस, बोटाला लागणारा. तातेरावने ते मांडीवर घासून पाहिलं, पुन्हा घासलं, आणि मग समोरच्या विकायच्या बारदान्यातलं एक रिकामं पोतं ओढून त्याला टाका घातला. पोत्याला टाक्याची गरज नव्हती. पण शटर उघडं आहे म्हटल्यावर आत बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं लागतं... नाहीतर ते दुकान वाटत नाही, नुसती उघडी खोली वाटते.

बायको, सत्यशीला, गेल्यापासून त्याने आज पहिल्यांदा शटर वर केलं होतं. तेही धंद्यासाठी नाही. आज मोनाली येणार होती. मोनाली ही सत्यशीलेची कॉलेजातली विद्यार्थिनी. जुन्या जालन्यातल्या या गल्लीतल्या दुकानांची सत्यशीला दरवर्षी दिवाळीनंतर मोजणी करायची — कोणतं नवं जन्मलं, कोणतं मेलं. ती मोजणी आता मोनाली पुढे नेणार होती. त्या मोजणीत आपलं दुकान मेलेल्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी तो सकाळपासून गंजलेलं दाभण घेऊन बसला होता.

"उघडलं का, तातेराव?" समोरून राधेश्याम कापडवाल्याने हाक मारली. "मी म्हणलं चोर घुसला की काय."

"चोर बारदाना नेऊन काय करंल?"

"ते बी बराबर हाय."

जन्मलं, मेलं, हे सत्यशीलेचेच शब्द. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. कॉलेजमागच्या माळावर लाकडी चौकट टाकायची आणि चौकटीत कुसळी गवत किती, मारवेल किती, ते उकिडवी बसून मोजायची. दुपारी डबा खायला दुकानावर यायची. पोत्यांच्या थप्पीवर बसून भाकरी मोडता मोडता एके दिवशी ती म्हणाली होती, "अहो, ही गल्ली म्हणजे माझा माळच आहे की." तो हसला होता. बाजारात पोती शिवणाऱ्या हमालाचा मुलगा तो, आपल्या हिमतीवर दुकान टाकलेला. माणसं काय गवत आहेत का, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, गवताला कमी समजू नका.

आणि मग ती खरंच चौकट टाकावी तशी गल्ली बघायला लागली... वर्षामागून वर्षं. लोक चेष्टा करायचे. "मॅडम, आमचं नाव अजून जित्यात हाय ना?" ती हसून म्हणायची, "सध्या तरी आहे." ज्यांना ती 'आहे' म्हणायची ते दिवसभर खुशीत असायचे.

पुंजारामने शेजारचा गाळा घेऊन बारदान्याचंच दुकान टाकलं, तेव्हा तातेराव रात्री जेवला नव्हता. गल्लीतलं ते तिसरं. सत्यशीला म्हणाली, जेवा. एकच दुकान असतं तेव्हा असा काही धंदा असतो हे लोकांना पटत नाही. तीन झाली की ही बारदान्याची गल्ली होते. घाबरायचं ते पुढे, फार झाल्यावर... तेव्हा सगळे एकमेकांचा चारा खातात. तिने सांगितलं तसंच झालं. भोकरदनकडचे लोक येऊ लागले, पार शहागडहून टेम्पो यायचे, आणि उतरणारा माणूस नाव न विचारता पोत्यांच्या गल्लीचा पत्ता विचारायचा. मग दुकानं फार झाली, पुढे प्लॅस्टिकची पोती आली, आणि एकेक शटर खाली आलं. राहिले दोघेच, तो आणि पुंजाराम. तेही एकमेकांशी न बोलणारे. पुंजारामची थप्पी याच्या ओट्यावर सरकली, त्यावरून जे बोलणं तुटलं ते तुटलंच.

घरात दोन माणसं, आणि त्यातल्या एकाला सगळ्या गल्लीचं पुढचं दिसतं... मला अभिमान वाटायचा, सत्यशीला. तुला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही नाही, तुला कळत असणार.

मोनाली आली. तिला दुकानं दाखवायला तातेराव बरोबर निघाला. पद्धत तिला पाठ होती: दुकान चालू आहे का, हे मालकाला विचारायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. मालक नेहमी चालूच सांगतो. उघडं दिसलं, बंद दिसलं, त्यावरही जायचं नाही. पाऊस पडला की मेलेला बुंधासुद्धा चार दिवस हिरवा दिसतो, असं मॅडम म्हणायच्या, असं मोनालीच चालता चालता म्हणाली. तातेरावने मागे वळून आपल्या उघड्या शटरकडे पाहिलं.

राधेश्यामला तिने शेजारच्या मसालेवाल्याबद्दल विचारलं.

"त्यानं तर दुकान वाढवलं, ताई. दसऱ्यालाच."

"अरे वा! शेजारचा गाळा घेतला का?" मोनालीने मोबाइलवर टिपलं, 'वाढ'.

राधेश्याम तिच्याकडे बघतच राहिला. तातेरावला हसू फुटलं, आपलंच हसू कुणा दुसऱ्याचं वाटावं असं. "अगं, वाढवलं म्हंजी बंद केलं. बाजारात कोणी 'बंद' म्हणत न्हाई. अपशकुन असतो."

"म्हणजे मेलं?"

"मेलं. पुसून टाक ते."

सत्यशीलाही पहिल्या वर्षी इथेच चुकली होती. शिक्षकाच्या घरातली ती, तिने दुकान बाहेरूनच पाहिलेलं. तिच्या हिशोबाने गल्ली जोरात वाढत होती. चूक कळल्यावर ती रागावली नाही, संध्याकाळभर एकटीच हसत होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सगळी गल्ली फिरली. चूक सापडली की तिला एवढा आनंद व्हायचा. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

फक्त एक गोष्ट तिच्या शास्त्रात नव्हती. यंदा किती दुकानं जातील ते तिला अंदाजाने सांगता यायचं. कोणतं जाईल ते नाही. तिच्या शेवटच्या आजारात संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, अशा पेशंटमधले बरेचजण बरे होतात. ती उशीवरून मान हलवत होती, बरोबरीच्या माणसाचं ऐकावं तशी. डॉक्टर गेल्यावर त्याने विचारलं, "मंग आपलं काय?" ती म्हणाली, "ते त्यांना ठाऊक नसतं, अहो. ते माळ बघतात, काडी बघत नाहीत. मीही तेच केलं." तिने ते तक्रारीने म्हटलं नव्हतं. तो मात्र त्यावर अजून अडलेला होता... माळ आहे तसाच आहे, राधेश्याम कापड फाडतोय, टेम्पो येतायत. काडीचं काय?

फिरत फिरत ते त्याच्याच दुकानापाशी आले.

"हे तर चालूच आहे," मोनाली म्हणाली. "लिहिते, काका."

लिही म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यासाठीच तर शटर वर केलं होतं. सत्यशीलेच्या कामात, तिच्या आकड्यांत, आपलं दुकान जिवंत राहिलं असतं. आणि तिच्या कामात पहिली खोटी नोंद झाली असती, नवऱ्याच्या हातची.

"थांब," तो म्हणाला. "मालकाला विचारायचं न्हाई ना?"

"पण काका, मी डोळ्यांनी बघतेय."

"डोळ्यानं बघायचं असतं तर मॅडमनं एवढ्या उन्हात पायपीट कशाला केली असती? शेजाऱ्याला विचार."

शेजारी म्हणजे पुंजाराम. मोनालीला त्यांच्यातलं काही माहीत नव्हतं; ती सरळ त्याच्या ओट्यावर चढली. पुंजाराम पोती झटकत होता. त्याने तिचं ऐकलं, मग वळून तातेरावच्या दुकानाकडे पाहिलं, मग तातेरावकडे. हातातलं पोतं खाली ठेवलं आणि बोलायला लागला. तेवढ्यात मध्ये सोयाबीनचा टेम्पो घुसला, मागच्या ऑटोने हॉर्न धरला, आणि एक शब्द इकडे येईना. नुसते ओठ हलताना दिसत होते, आणि शटरकडे उठलेला हात.

हो किंवा नाही, एवढंच तर सांगायचं होतं. हा तर बोलतच राहिला होता. मोनाली लिहायची थांबली होती आणि नुसती ऐकत होती. काय सांगून राह्यला हा माझ्याबद्दल... एवढं? इतकी वर्षं शेजारी बसून, न बोलता, याने काय काय बघितलं?

जिवंत की मेलं, ही सकाळपासूनची काळजी मागे पडली. कोणतंही असो. तातेराव टेम्पोला वळसा घालून, पायाखालची सांडलेली सोयाबीन चुकवत, ऐकू येईल इतका जवळ जाऊ लागला.