पागाची सावली

आमचे अप्पा एरवी मोजकं बोलणारे, पण गेली दोन वर्षं रविवारी दुपारी त्यांना गप्प करणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही. माझगावपुढच्या धक्क्यामागे चिखलात उभं राहायचं, पागाने, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याने, बोयीची पिल्लं धरायची आणि डिलाईल रोडला आणून चाळीच्या गॅलरीत वाटायची. पहिला वाटा शेजारच्या गंगुबाईंना, कारण त्यांच्याकडे नातवंडं तीन. वाटताना वाक्य ठरलेलं, "आज एक पण पळूक नाय."

या वाक्यामागे अप्पांचं जन्माचं दुखणं आहे. बोय भारी सावध मासा. पाग हवेत उघडला की त्याची सावली पाण्यावर पडते आणि जाळं पोचायच्या आत बोय पसार होते. मालवणकडे गावी आमचे आजोबा पाग असा टाकायचे की सावली आणि जाळं एकदमच पाण्याला लागायचं. अप्पांना ते कधी साधलं नाही. आजोबा चारचौघांत म्हणायचे, "ह्याची सावली आधी पोचता, हो मागसून." पुढे अप्पा मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. आणि सत्तरीला टेकल्यावर त्यांचा हात बसला. पहिली भरलेली पिशवी त्यांनी आजोबांच्या फोटोखाली ठेवली, देवापुढे घालतात तसं हात जोडून गाऱ्हाणं घातलं आणि मध्येच टोपीने डोळे पुसले. अप्पांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

मी सीमा, त्यांची मुलगी. परळच्या एका कॉलेजात संशोधन करते, तेही माशांवरच. खाडीत काय काय मिसळतं ते आठवडाभर तपासायचं आणि रविवारी त्याच खाडीतल्या बोयीचं तिखलं ओरपायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. अप्पांना मी दहादा म्हटलं, ते मासे आणू नका. त्यावर उत्तर तयार, "गिरणीत पंचवीस वर्सां कापूस गिळलंय. तरी उभो आसंय ना?"

प्रयोग साधा होता. काचेच्या चार टाक्या. लांबच्या एका स्वच्छ खाडीतून आणलेली बोयीची पिल्लं. पहिल्या टाकीत निव्वळ त्याच खाडीचं पाणी, दुसरीत डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण, तिसरीत किंचित शिसं आणि कॅडमियम, चौथीत दोन्ही. मात्रा इतकी थोडी की एकेकटं त्यांनी सोसलं असतं. पण प्लास्टिकचा कण या धातूंना पाठुंगळी घेतो आणि पोटात शिरतो. पाच आठवडे झाले, चौथ्या टाकीतलं एकही पिल्लू मेलं नाही. खात होती, पोहत होती. मी माझे मार्गदर्शक विनीत सर यांच्याकडे कुरकुरले की निकाल काहीच नाही. सर म्हणाले, "मरणं सोड गं. घाबरतात का बघ."

गुरुवारी मी टाक्यांवरून पुठ्ठा फिरवला. पहिल्या टाकीतली पिल्लं क्षणात कोपऱ्यात गेली. दुसऱ्या, तिसऱ्या टाकीतली जरा उशिरा, पण गेली. चौथ्या टाकीतली तिथेच राहिली. सावली अंगावर घेऊन आरामात तोंडं हलवत होती.

सर खूश झाले. मला मात्र गॅलरीत "आज एक पण पळूक नाय" म्हणणारे अप्पा दिसले.

मी फटकळ बाई. मनात आलेलं ओठांवर यायला मला वेळ लागत नाही. तरी दोन दिवस तोंड शिवून बसले. सांगावं तर म्हाताऱ्याच्या हातातली एकुलती एक गोष्ट मी काढून घेणार. न सांगावं तर गंगुबाईंची नातवंडं ते मासे खाणार. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. शनिवारी अप्पांना म्हटलं, चला, माझं कॉलेज दाखवते.

टाक्या बघून ते हरखले. मी पुठ्ठा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पाग टाकतात तसा खांदा वळवून त्यांनी रिकामा हात पहिल्या टाकीवर फेकला. पिल्लं उधळली. "शाणी आसत," अप्पा हसले. दुसरी, तिसरी. चौथीपाशी ते थांबले. पुन्हा हात फेकला. मग डोक्यावरची टोपी काढून पाण्यावर धरली आणि तशीच धरून ठेवली.

"ह्यांका काय झालाहा?"

मी सांगितलं. प्लास्टिक, शिसं, दोन्ही एकत्र. ते ऐकत होते, नजर पिल्लांवर.

"आणि आमच्या खाडीतली?"

इथे शास्त्र माझ्या मदतीला होतं. ती तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी म्हटलं, "तशीच असणार, अप्पा."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग माझ्याआधी जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते खाडीवर गेले नाहीत. मला वाटलं, संपलं. दुपारी चारला उठून त्यांनी पाग खांद्यावर घेतला. "चल," म्हणाले. एरवी ते सकाळीच जायचे, कारण तेव्हा सूर्य समोरून, पाण्यावरून वर येतो आणि माणसाची सावली पाठीमागे चिखलात पडते. त्या दिवशी सूर्य पाठीशी होता. अप्पांची लांबच लांब सावली पाण्यावर पसरली होती. ते मुद्दाम हलले, दोन्ही हात वर केले, टाळ्या वाजवल्या. "पळा रे," म्हणाले, अगदी हळू. मग पाग टाकला, एखाद्या नवशिक्यासारखा, वेडावाकडा.

वर ओढला तेव्हा तो भरलेला होता.

अप्पांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक पिल्लू सोडवलं आणि खाडीत सोडलं. मला मदत करू दिली नाही. सोडलेली पिल्लं त्यांच्या पायांशीच घोटाळत राहिली.

चाळीत आलो तेव्हा गंगुबाई ताट घेऊन गॅलरीत उभ्या होत्या. रिकाम्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "काय अप्पा, आज काय झालं?"

"सगळी पळाली गो आज," अप्पा म्हणाले.

"वय झालं आता. हात गेला तुमचा," गंगुबाई हसल्या.

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि पाग वाळत घालायला गेले.