इंजिनाचं तोंड

हिंगणीच्या पीठगिरणीतलं इंजिन बंद पडून नऊ दिवस झाले होते आणि टिकारामला जेवण गोड लागत नव्हतं. बावीस वर्षं तोच ते चालवत होता. बायको जिवंत होती तेव्हा तिच्यापेक्षा हा इंजिनाचंच जास्त ऐकतो, असं गाव म्हणे, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

मोडली होती तेल फवारणारी एक बोटभर तोटी. नागपूरच्या दुकानदाराने पत्राला दोन ओळींचं उत्तर धाडलं होतं : इंजिन कोणत्या कंपनीचं आणि नंबर काय, ते कळवा, त्याशिवाय पार्ट मिळणार नाही. आली का पंचाईत! इंजिन गिरणीमालक हिरालालशेठच्या वडिलांनी कापसाच्या सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनातून बैलगाडीवर घालून आणलेलं. ते गेले, कागदही कुठे गेले कोण जाणे. गावात त्याला नुसतं इंजिन म्हणत. दुसरं होतंच कुठे, की याला नाव लागावं?

"टिकाराम, मले नाव सांग, मी उद्या पार्ट मागवतो," शेठ म्हणाले. "नाई तर शनिवारी भंगारवाला येऊन राह्यला. मी नवीन घेतो."

माणूस वाईट नव्हता. पण बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन सेलूपर्यंत जात होत्या, ते त्यालाही बघवत नव्हतं.

शुक्रवारी वर्ध्याहून सदाशिवराव आले. जिनांची यंत्रं दुरुस्त करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी इंजिनाभोवती तीन चकरा मारल्या, बोटाने ठोकून पाहिलं, तेलाचा वास घेतला.

"विलायती आहे, एवढं पक्कं. चाकावर नंबर ठोकला असते, पाह्य."

चाकावर काही नव्हतं. बावीस वर्षं रोज सकाळी टिकारामने ते विटकरीच्या भुकटीने घासलं होतं. अंगावरचं होतं नव्हतं ते अक्षर त्याच्या मायेने सपाट केलं होतं.

"काऊन एवढं घासलं रे बापा?" सदाशिवराव म्हणाले.

"पितळी पाटी तरी असनच. इथं." त्यांनी बोट पुढे केलं आणि तसंच मागे घेतलं. तिथे पपईएवढा शेंदराचा गोळा होता, आणि त्यात चांदीचे दोन डोळे.

तो शेंदूर भागीरथाचा, टिकारामच्या बायकोचा. पहिल्याच दसऱ्याला, हत्यारांच्या पूजेच्या वेळी, तिने पितळेचा तो चौकोन पाहिला. त्यावरचं इंग्रजी दोघांनाही वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "साऱ्या अंगात हेच चमकते. हेच याचं तोंड." टिकाराम केवढा चिडला होता! ती कशाला ऐकते? दर दसऱ्याला एक थर चढला. डोळे तिने आपली जोडवी मोडून केले. तिला जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यानंतर तिथे कोणी बोट लावलं नव्हतं.

"माह्या हातानं होणार नाई," सदाशिवराव म्हणाले. "देव आहे तो. तूच काढ."

टिकाराम बराच वेळ जात्याशेजारी बसून राहिला. काढावं तर भागीरथाचा हात जातो, न काढावं तर इंजिन जातं. शेवटी तो उठला. रोज सकाळी इंजिनाचं डोकं तापवायची बत्ती त्याने पेटवली आणि लांबूनच गोळ्यावर धरली.

"रागावू नको व, भागीरथा," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

शेंदूर सुटला आणि डोळ्यांसकट त्याच्या ओंजळीत आला. खाली पितळ कालच बसवल्यासारखं होतं. एकूण एक अक्षर शाबूत.

"थॉर्नबी कंपनी. नंबर चार हजार एकशे ब्याऐंशी," सदाशिवरावांनी वाचलं. मग टिकारामकडे वळून म्हणाले, "तू घासलं ते सारं गेलं, टिकाराम. तिनं झाकलं तेवढंच राह्यलं."

टिकारामला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. शेठनी त्याच संध्याकाळी तार केली आणि भंगारवाल्याला नको म्हणून निरोप धाडला.

दसऱ्याला आठ दिवस असताना इंजिन सुरू झालं. टिकारामने भिंतीवर हातहातभर अक्षरांत नाव आणि नंबर रंगवून घेतला. जुना शेंदूर बोर नदीत सोडला, डोळे ठेवून घेतले. दसऱ्याच्या सकाळी चाक घासून झाल्यावर त्याने वाटीत तेल-शेंदूर कालवला आणि पाटीवर पहिला थर दिला.

"अरे, पुन्हा झाकतं काऊन?" शेठनी विचारलं.

टिकाराम डोळे बसवत होता. "घासाचं काम माह्यं होतं, मालक, झाकाचं तिचं. आता दोन्ही मलेच पाहा लागते."