सानवीच्या उंचीचा नळ

खेडच्या दुकानदाराने आमच्या ह्यांना तोंडावर विचारलं, "रावजीकाका, यंदा बर्फ पडणार हाय काय आपल्याकडं?" दुकानातली माणसं हसली. हे गेले होते पाईपला थंडीचं पांघरूण मागायला. फोमचं असतं म्हणे. आमच्या रितेशने मुंबईहून मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता, त्यात कुठल्यातरी बर्फाच्या देशातला एक बाप्या आपल्या घराचे पाईप गुंडाळत होता. मुलाने पाठवलं म्हणजे ह्यांच्या लेखी ते खरंच असणार.

हे सगळं सानवीपायी. सानवी आमची नात, चार वर्षांची. गेल्या थंडीत आली आणि इथल्या पाण्याने तिची छाती भरली. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, पौषात सकाळी पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. निघताना सुनेने, दर्शनाने, सांगितलं, "नळाला गरम पाणी आल्याशिवाय थंडीत मी तिला आणणार नाही." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ह्यांनी ते असं मनावर घेतलं की वर्षभर घरात दुसरा विषय नाही. जुनी न्हाणी पाडून बाथरूम बांधलं, वर टाकी चढवली, गिझर आणला. नळ लावायला संदेश आला, तर हे आपल्या मांडीशी हात धरून म्हणाले, "हितं लाव. तिचा हात पोचला पायजे."

"आणि काका, तुम्ही काय झोपून आंघोळ करणार?"

"आमचं बादलीवर भागतं रे."

गिझरवरचं प्लास्टिकसुद्धा मला काढू दिलं नाही. पहिली आंघोळ सानवीची. तोवर आम्ही म्हातारी आपली मागीलदारी चूल पेटवून पाणी तापवतोय आणि कुडकुडत अंगावर घेतोय. ह्यांचे गुडघे थंडीत आखडतात, उठता-बसता कण्हतात, पण गिझरला हात लावायचा नाही. मी भांडले. भांडून हे ऐकतील तर आणखी काय पाहिजे होतं.

संदेशने गिझर चालवून बघितला तर पाणी नुसतं कोमट. आमचं पाणी येतं वरच्या झऱ्यावरून, बांधाबांधाने उघड्या पाईपातून. रात्रभर ते गारठतं, आणि एवढासा गिझर त्याला किती तापवणार? ह्यांनी रितेशला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, पाईप नीट गुंडाळून घ्या. नाहीतर दर्शना काय ऐकायची नाही." आणि मग तो व्हिडिओ.

फोम काही मिळाला नाही. ह्यांनी पेंढा काढला. आंबे पिकायला पेंढ्यात आढी घालतो तशीच ऊब पाईपालाही मिळेल, हे ह्यांचं गणित, आणि मलाही ते पटलं. थंडीत वाकून वाकून बांधावरचा सगळा पाईप आम्ही पेंढ्यात गुंडाळला, वरून सुतळी आवळली. शेजारचा रघू कुंपणाशी उभा राहून बघत होता. लहानपणापासूनचे दोस्त हे दोघे. तो म्हणाला, "रावजी, पाईपाला लुगडं नेसवतोस का ढोरांना जेवण वाढतोस?" हे हसले. मीही हसले. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण आमचा गोठा रिकामा होऊन वर्षं झाली. ते डोक्यातच आलं नाही.

नाताळच्या सुट्टीत रितेश गाडी घेऊन निघाला, आठ दिवस राहतो म्हणाला. त्याच सकाळी टाकीत पाणी चढेना म्हणून हे बांधावर गेले. बघतात तर गुरांनी पेंढा ओढून ओढून खाल्लेला, पाईप तुडवून जागोजागी फोडलेला, आणि झऱ्याचं पाणी शेतात वाहून चाललेलं. त्यात रघूची तांबडी गायही होती. ह्यांनी रघूला वाडीसमोर नको नको ते सुनावलं. आईवरून बोलले. रघू गाय घेऊन घरी गेला.

मी चूल पेटवली आणि शेजारून पाणी आणून मोठा हंडा चढवला.

गाडी आली. दर्शना आधी बाथरूममध्ये गेली, नळ फिरवला. नळातून फुस्स झालं. हे दारात अपराध्यासारखे उभे. "बाय, उद्यापर्यंत जोडतो. आजच्या दिवस हंड्यातलं घे. कडकडीत हाय."

रितेशने मान हलवली. "बाबा, एवढं वर्षभर सांगतोय. आता पोरीला आजारी पाडू का? आम्ही केळशीला समुद्रावर राहतो. बघतो कुठे खोली मिळते का."

सानवी माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली होती. हात शेकत होती. मी म्हटलं, "बाळा, आज इथंच न्हायचं ना आजीकडे?"

"नाही, हॉटेलात. तिथे गरम पाण्याचा टब आहे, बाबांनी मला फोटो दाखवलाय. दिवाळीत. आजोबांना सांगायचं नाही," ती म्हणाली आणि लाकूड पुढे सरकवू लागली.

दिवाळीत. व्हिडिओ आला तो दिवाळीनंतर.

माझं डोकं असं फिरलं की हातातला पळा रितेशच्या अंगावर फेकावा. जेवून निघाले तेव्हा मी गाडीच्या खिडकीशी गेले आणि हळू आवाजात विचारलं, "खोली कधी घेतलीस?" तो मोबाईलकडे बघत म्हणाला, "आई, आता नको." म्हणजे खरंच. ह्याच पोराला मी त्या जुन्या न्हाणीत, त्याच हंड्यातल्या पाण्याने घासून घासून मोठा केला. नको यायचं तर नको म्हण ना मेल्या. बापाला का वाकवलंस त्या बांधावर?

हे गाडीमागे फाटकापर्यंत गेले. "उद्या जोडतो," म्हणत होते.

आणि खरंच जोडला. दुसऱ्या दिवशी संदेशला घेऊन पाईप बदलला आणि या खेपेला पुरून टाकला. टाकी भरली. रितेशला फोन लावत राहिले, तो उचलेना. मग ओटीवर बसून रघूच्या नावाने पुन्हा सुरू झाले. "त्या मेल्याच्या गायीपायी माझी पोर गेली."

ते मात्र मला ऐकवेना. मी म्हटलं, "गायीचं नाव घेऊ नका. पाईप सोन्याचा असता तरी पोर राहणार नव्हती. खोली दिवाळीतच घेतलेली. सानवीने सांगितलं मला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रघूला आईवरून बोललो गो मी."

"संध्याकाळी जा त्याच्याकडे. आधी आंघोळ करा."

मी आत जाऊन गिझरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बटण दाबलं. हे येऊन दारात उभे राहिले. पाणी छान तापलं. पण नळ सानवीच्या उंचीचा. ह्यांना वाकता येईना, म्हणून भिंत धरून खाली बसले, गुडघे कुरकुरले. नळाखाली त्यांचा हात तेवढा भिजत होता. मी तांब्या भरून त्यांच्या पाठीवर ओतला.