पाच मिनिटांच्या हसण्याचा सिनेमा

टीव्हीवर दर रविवारी कॉलेजच्या पोरांचं पाच मिनिटांचं विनोदी नाटुकलं लागायचं आणि अख्खं भवानीनगर हसायचं. सत्त्याण्णव साली त्यावर सिनेमा निघाला, तेव्हा दीपकनंच सूरजला आणि बाकीच्या मित्रांना भाड्याच्या टेम्पोनं इंदापूरच्या टॉकीजला नेलं. तेच तेच विनोद पुन्हा येत राहिले. तासाभरात कुणी एकदाही हसलं नाही. आधी शिट्ट्या झाल्या, मग पोरं खुर्च्या मोडू लागली.

ऑपरेटर सावळारामतात्या वरच्या मशीनच्या खोलीतून धावत खाली आले. "पोरांनो, पिक्चर काय मी काढला न्हाय," ते म्हणाले.

सूरजनं खुर्चीचा लोखंडी पाय उपसून त्यांच्या डोक्यात घातला. तात्या पडले तरी तो मारतच राहिला. शेवटी दीपकनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. सूरजचे दोन दात पडले.

तात्यांच्या कानातून रक्त येत होतं. "वर जाऊन मशीन बंद कर," ते दीपकला म्हणाले, "रीळ जळंल."

पोलिसांनी विचारलं तेव्हा बाकी सगळे गप्प बसले. दीपकनं सूरजचं नाव सांगितलं. परतीच्या टेम्पोत मित्रांनी दीपकला चढू दिलं नाही. तात्या वाचले, डावा कान मात्र कायमचा गेला.